आमच्या युवा पास्टरांना निरोप देताना

आमच्या चर्चचे युवा पास्टर जाणार हे चर्चच्या कमिटीला कळलं, त्या बैठकीत पहिला प्रश्न निघाला तो मानचिन्हाचा. लाकडी घ्यायचं की काचेचं, त्यावर वचन कुठलं, खाली तारीख घालायची का. पास्टर अजून समोरच बसले होते. राजीनाम्याचं पत्र वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसायला काढला होता. तो परत डोळ्यांवर चढायच्या आत आम्ही त्यांची पाठवणी सुरूही केली होती.

मी या कमिटीत आहे आणि शनिवारच्या युवा सभेत मदतनीसही आहे, त्यामुळे निरोपाची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, निरोप काही नवे नाहीत. कुणी निवृत्त होतं, कुणी दुसरीकडे राहायला जातं, आणि त्याचा एक साचा ठरलेला असतो. उपासनेनंतर चार भाषणं, एक भेट, एक फोटो, प्रार्थना, संपलं. मोठ्यांपुरता तो साचा चालून जातो. पण जो माणूस तेरा ते वीस वयाच्या मुलांसाठीच नेमलेला होता तो निघतो, तेव्हा ज्यांचं सगळ्यात जास्त जातं त्यांनाच या साच्यात जागा नसते. फार तर एखादं गीत म्हणायला त्यांना पुढे बोलावतात आणि 'आता बसा' म्हणतात. हे मला पहिल्या बैठकीपासून खुपत होतं.

पहिला वाद बातमीवरून झाला. नवा माणूस मिळेपर्यंत कुणालाच सांगू नये, असं मंडळीच्या दोन-तीन वडिलांचं, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांचं, मत. मुलं पांगतील, पालक घाबरतील, शिबिराची नावनोंदणी अडेल. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण मंडळीत गुपित टिकतं किती? कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी एक तरी माणूस असं असतं, ज्याला 'कुणाला सांगू नकोस' असं बजावून सगळं सांगितलं जातं. शिवाय पास्टरांनीच एक अट घातली. मुलांना हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे, म्हणाले, आणि रविवारच्या सूचनांमध्ये, वाढदिवस नि आजाऱ्यांच्या नावांच्या मध्ये घुसवून तर नकोच. मग ठरलं असं, की शुक्रवारी मदतनिसांना, शनिवारी मुलांना आणि रविवारी सगळ्या मंडळीला सांगायचं. मध्ये याहून जास्त दिवस गेले असते तर फोनवरून बातमी आधी पोचली असती. आणि सगळ्यांना एकदम रविवारीच सांगितलं असतं, तर मुलांना भरल्या उपासनेत आईबाबांच्या शेजारी बसून ते ऐकावं लागलं असतं. रडायचीही चोरी.

मदतनिसांना एक दिवस आधी सांगण्यामागे हिशेब होता. शनिवारी मुलांना सावरायला जे उभे राहणार, त्यांनी स्वतःचं रडणं आदल्या रात्री उरकलेलं बरं.

त्या शनिवारी पास्टरांनी गाणी घेतली नाहीत. खुर्च्या गोल लावल्या आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच ते मुद्द्यावर आले. दुसऱ्या एका मंडळीने मुख्य पाळक म्हणून बोलावलं आहे, मी हो म्हटलं आहे, दोन महिन्यांनी आम्ही निघणार. एवढं बोलून गप्प बसले. ती शांतता बुजवायची त्यांना घाई नव्हती. माझ्या हाती असतं तर मी लगेच 'चला, प्रार्थना करू या' म्हटलं असतं. बरीच माणसं प्रार्थनेचा उपयोग अशा वेळी पडदा टाकण्यासाठी करतात.

पहिला प्रश्न एका चौदा वर्षांच्या मुलाने विचारला. "देवाने बोलावलं म्हणून जाताय ना दादा? मग इथे पण देवानेच बोलावलं होतं ना? ते रद्द झालं का?"

पोरगा उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्ही मोठी माणसं चर्चमध्ये 'देवाची हाक' हे शब्द इतके सहज वापरतो, की ऐकणाऱ्याला पुढे काही बोलायची सोयच उरत नाही. देवाशी कोण भांडणार? पास्टर म्हणाले, "रद्द नाही झालं. मी प्रार्थना केली, घरी बोललो, विचार केला आणि मला ते काम करावंसं वाटलं. निर्णय माझा आहे. राग आला असेल तर माझ्यावर धर, देवावर नको." मुलगा म्हणाला, "आलाय." "मग बरोबर आहे," असं दादा म्हणाले. माझ्या मते आमच्या निरोपाची खरी सुरुवात तिथे झाली.

यात मंडळीच्या रचनेचाही भाग आहे. मेथडिस्ट मंडळ्यांत पाळकांच्या नेमणुका बिशप करतात. कॅथलिक धर्मप्रांतातही धर्मगुरूला एका पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, दुसरीकडे पाठवण्याचा अधिकार बिशपांकडे असतो. तिथे निदान 'वरून आदेश आला' असं म्हणून सगळ्यांनाच मोकळं होता येतं. आमच्यासारखी मंडळी स्वतःच पाळकाला बोलावते, आणि दुसरी मंडळी त्याला बोलावते तेव्हा हो किंवा नाही त्याचं त्याला म्हणावं लागतं. म्हणून मुलांच्या कानाला ती बदली वाटत नाही. त्यांना ते सोडून जाणं वाटतं. त्यावर 'असं नसतं रे' म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण थोडं तसं असतंच.

रविवारनंतर अपेक्षेप्रमाणे तर्क सुरू झाले. पगारावरून बिनसलं. मुख्य पाळकांशी पटेना. वहिनींना, म्हणजे पास्टरांच्या बायकोला, करमत नाही. यातलं काही खरं नव्हतं. यावर मुख्य पाळकांनी केलं ते एवढंच, की पुढच्या रविवारी राजीनाम्याचं पत्र युवा पास्टरांच्या संमतीने जसंच्या तसं वाचून दाखवलं. अफवा बंद झाल्या नाहीत, पण चावायला काही न उरल्यामुळे हळूहळू विरल्या.

आता निरोपाच्या उपासनेत वाचायचा शास्त्रपाठ. सगळ्यांच्या डोक्यात बायबलमधला एकच उतारा होता, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २० वा अध्याय. प्रेषित पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेत इथे बोलावून घेतो, आपण तीन वर्षं तुमच्यात कसा राबलो ते आठवून देतो, पुढच्या संकटांची सूचना करतो. मग सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात, त्याच्या गळ्यात पडून रडतात, आणि याचं तोंड आपल्याला पुन्हा दिसणार नाही या बोलण्याने सगळ्यात जास्त कळवळतात. नंतर त्याला जहाजापर्यंत पोचवतात. पाळकाच्या निरोपाला याहून योग्य उतारा शोधूनही सापडणार नाही, यावर कमिटीचं एकमत झालं.

आमच्या मदतनिसांतला सगळ्यात लहान, नुकता वीस पार केलेला, म्हणाला, "जरा पान उलटा ना." २१ व्या अध्यायात पौल सोर या बंदरात उतरतो आणि तिथल्या शिष्यांबरोबर सात दिवस राहतो. निघायची वेळ येते तेव्हा सगळेजण बायकामुलांसह त्याला शहराबाहेर पोचवायला जातात, आणि समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात. बायकामुलांसह. मिलेतला फक्त वडील आहेत, भाषण मोठं आहे. सोरला भाषणाची नोंदच नाही, पण मुलं आहेत. तीन वर्षांच्या सहवासानंतर बोलावणं आलं ते वडिलांना, आणि सात दिवसांच्या ओळखीवर लेकरं वाळूत गुडघे टेकून बसली. मी कित्येक वर्षं हे दोन अध्याय लागोपाठ वाचत आलेय, पण ते शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. त्यानंतर आमच्या बैठकांमध्ये कुणी मोठ्यांच्या सोयीचं काही सुचवलं, की दुसरं कुणीतरी हमखास म्हणायचं, "हे मिलेत झालं. सोरचं काय?"

मानचिन्हाचाही किस्सा याच बैठकीतला. त्यावर बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायातलं मिस्पाचं वचन कोरावं असं ठरत आलं होतं. आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो, अशा अर्थाचं ते वचन आहे. ऐकायला गोड आहे आणि निरोपाच्या भेटींवर सर्रास दिसतं. आमच्यातल्या एका वयस्कर काकांनी शांतपणे विचारलं, "हे कोण कुणाला म्हणालंय, पाहिलंत का?" तर म्हणणारा लाबान, आणि ऐकणारा त्याचा न सांगता पळून गेलेला जावई याकोब. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. दगडांची रास रचून 'ही हद्द ओलांडून तू माझ्यावर येऊ नकोस, मी तुझ्यावर येणार नाही' असा करार करताना ते शब्द आले आहेत. म्हणजे अर्थ असा, की मी बघत नसेन तेव्हा तू काय करतोस ते देव बघतोय! बैठक हसून लोटपोट झाली. पास्टरांना हे कळल्यावर म्हणाले, तेच कोरा, मी ते कमिटीला उद्देशून समजेन. शेवटी मानचिन्हच रद्द झालं आणि त्यांच्या राहिलेल्या रजेचा हिशेब वेळेत चुकता करण्यावर चर्चा वळली. मला विचाराल तर हक्काचे पैसे न मागता आणि निघण्याआधी हातात पडणं यासारखा सत्कार नाही.

कमिटीच्या मनातली दुसरी धास्ती होती की पास्टर गेले की युवा संघ बसणार. यावर आमच्या एका मावशींनी ख्रिश्चन एन्डेव्हरची आठवण काढली. त्यांच्या तरुणपणी त्या स्वतः त्यात होत्या. ही चळवळ १८८१ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंड शहरातल्या विलिस्टन मंडळीत फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी सुरू केली. तरुणांनी स्वतः प्रतिज्ञा घ्यायची, स्वतःच्या समित्या करायच्या, सभाही आळीपाळीने स्वतःच चालवायच्या, अशी तिची रीत. मावशींचा मुद्दा पुढचा होता. क्लार्क दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, ती मंडळी सोडून बॉस्टनला गेले. संघ बुडाला नाही. उलट पुढे जगभर पसरला, कारण तो कुणा एकाच्या गिटारीवर उभा नव्हता. 'गिटारीवर' म्हणताना त्यांनी आमच्या पास्टरांकडे पाहिलं, आणि ते मनापासून हसले. पण टोमणा लागू होता. आमच्याकडे शनिवारची चावी, गाण्यांची यादी, शिबिराच्या जागेचा फोन नंबर, कुठल्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं.

ते डोक्यातून बाहेर काढणं हेच त्या दोन महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम ठरलं. निरोपाचा कार्यक्रम त्यापुढे काहीच नाही. सुरुवात वस्तूंपासून झाली, कारण त्या सोप्या. हॉलच्या आणि कपाटाच्या चाव्या. मुलांच्या फोनग्रुपचं नियंत्रण, जे दोन मदतनिसांकडे गेलं. पालकांची संमतिपत्रं. ती एका जुन्या खोक्यात होती, आणि त्यातली बरीच अशा मुलांची होती जी आता स्वतः पालक होण्याच्या वयाची झाली आहेत. ती फाडून टाकली. शिबिराच्या जागेला दिलेली आगाऊ रक्कम कुणाच्या नावाने आहे, ते पाहिलं. संघाच्या नावाने त्यांनी स्वतःच्या खिशातून केलेले खर्च होते. ते त्यांनी लिहूनच ठेवले नव्हते. वहिनींनी ठेवले होते.

मग मुलं. पास्टरांनी एक वही केली. एका मुलाला एक पान. त्यात काय लिहायचं यावर आम्ही मदतनीस उत्सुक होतो, खोटं कशाला बोलू. पुढच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून जितकं जास्त तितकं चांगलं, असं आमचं म्हणणं. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "या मुलांनी मला जे सांगितलंय ते मला सांगितलंय. मंडळीला नाही." मग ते प्रत्येक मुलाला वेगवेगळं भेटले, हॉलच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी, आणि एकच गोष्ट विचारली: तुझ्याबद्दल पुढच्या दादा-ताईला काय सांगू, आणि काय सांगू नको? मुलासमोरच लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, तो म्हणेल ते खोडायचं.

त्याला एकच अपवाद होता. कुणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल, कुणी छळत असेल, तर ते गुपित राहत नाही, हे त्यांनी मुलांना पहिल्यापासून सांगून ठेवलेलं होतं. असं काही असलं तर ते योग्य माणसापर्यंत तेव्हाच पोचलेलं असायचं, निरोपाची वाट पाहत थांबलेलं नसायचं. बाकी सगळं मुलाच्या हातात.

वही नंतर मदतनिसांकडे आली. काही पानं गच्च भरलेली. एकीने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय की मला सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करायला सांगू नका. एकाने फक्त 'माझ्या भावाशी माझी तुलना करू नये' एवढंच. आणि बऱ्याच पानांवर नावाखाली काहीच नाही. ती कोरी पानं पाहून आधी मला वाटलं, यांच्याबद्दल दादांना काही ठाऊकच नव्हतं की काय. पण तसं नव्हतं, ठाऊक भरपूर होतं. मुलाने 'नको' म्हटलं होतं. नव्या माणसाला तिथे शून्यापासून सुरुवात करावी लागणार, आणि तो त्या मुलाचा हक्क आहे.

सगळ्यात कठीण बोलणं झालं ते निघाल्यानंतरच्या अंतरावर. पाळक गेल्यावर काही काळ, बहुधा वर्षभर, त्यांनी जुन्या मंडळीच्या कामात पडू नये, लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी यांना नव्या पाळकांनी बोलावल्याशिवाय येऊ नये, असा पायंडा पुष्कळ मंडळ्यांत आहे. कारण उघड आहे. जुना माणूस एका फोनवर हजर होत राहिला, तर नव्याला कुणी दारात उभं करत नाही. मोठ्यांना हे पटतं. पंधरा वर्षांच्या मुलीला कसं पटवणार?

ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझे बाबा आजारी आहेत. त्यांचं काही झालं तर मी कुणाला फोन करू?" तिच्या घरची अवस्था सगळ्यांना ठाऊक होती. कमिटीतर्फे मी बसले होते आणि नियम माझ्या हातातल्या कागदावर होता. तो वाचून दाखवायची हिंमत कुणाला झाली असती? पास्टर म्हणाले, "तुला ज्याला करावासा वाटेल त्याला कर. मला केलास तर मी उचलेन. मग मी मुख्य पास्टरांना सांगेन, ते तुझ्याकडे येतील, आणि त्यांनी ये म्हटलं तर मीही त्यांच्याबरोबर येईन. एकटा येणार नाही." ती म्हणाली, हे काही बरोबर नाही. ते म्हणाले, "मलाही ते आवडत नाही." पुढे समजावलं नाही. नियम योग्य आहे असं माझं आजही मत आहे, पण तो सांगणाऱ्याला तो जड गेलेला दिसला पाहिजे. नाहीतर मुलं एवढंच शिकतात, की चर्चमध्ये माणसं येतात, जीव लावतात आणि मग नियमाकडे बोट दाखवून निघून जातात.

ग्रुपचंही तसंच. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी दादा ग्रुपमधून बाहेर पडतील, हे आधीच तारखेसह सांगून ठेवलं होतं. अचानक 'अमुक यांनी ग्रुप सोडला' अशी ओळ दिसण्यापेक्षा ते बरं.

मुलांची संध्याकाळ मुलांनीच ठरवली. आम्हा मोठ्यांना फक्त खुर्च्या लावायची परवानगी होती. भाषण बंदी. त्यांनी पास्टरांची नक्कल केली, ती इतकी हुबेहूब की वहिनी डोळे पुसत होत्या. कुठलाही संदेश संपवताना 'आता एक शेवटचा मुद्दा' म्हणून पुढे आणखी तीन मुद्दे सांगायची त्यांची सवय कुणी सोडली नाही. नंतर ज्यांना बोलायचं होतं ते बोलले. सगळं गोड नव्हतं. एक मुलगी म्हणाली, तुमचं लक्ष नेहमी गाणाऱ्या मुलांकडे जास्त होतं. क्षणभर हॉल अवघडला. एक मदतनीस तिला थांबवायला उठणार तोच पास्टर म्हणाले, "खरं आहे. तू आधी का नाही बोललीस?" "तुम्ही विचारलं नव्हतं." मोठ्यांच्या कार्यक्रमात हे वाक्य कुणी बोललं नसतं आणि कुणी बोलू दिलंही नसतं. तो राग आलेला चौदा वर्षांचा मुलगा आला नाही. त्याला फोन करून बोलवावं, अशी सूचना आली. पास्टरच नको म्हणाले.

रविवारच्या उपासनेबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती ठरल्याप्रमाणे पार पडली. पाळकाच्या निरोपाचा वेगळा उपासनाक्रम काही चर्चपरंपरांत आहे. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या उपासनाग्रंथात तसा विधी दिलेला आहे. अशा क्रमांचा गाभा साधारण एकच असतो. जाणारा आभार मानतो आणि चुकांची क्षमा मागतो, मंडळी क्षमा करते, स्वतःही मागते, आणि मग त्याला त्याच्या जबाबदारीतून मोकळं करते. आमच्या मुख्य पाळकांनी त्यावर आमच्यापुरता एक छोटा क्रम लिहिला, आणि मंडळीचं उत्तर दोन भागांत ठेवलं, एक मोठ्यांचं आणि एक मुलांचं. मुलांचं उत्तर मुलांनीच लिहिलेलं. त्यात 'आम्ही तुम्हाला मोकळं करतो' या ओळीवर त्यांची आधी बरीच हुज्जत झाली होती. काहींना ते खोटं वाटत होतं. शेवटी ओळ अशी झाली, 'आम्ही तुम्हाला मोकळं करायचा प्रयत्न करतो.' कमिटीतल्या एकांना हे उपासनेच्या भाषेत बसेना. मुख्य पाळक म्हणाले, बसेल.

दोन्ही अध्याय वाचले, मिलेतही आणि सोरही. चाव्या वेदीसमोर मदतनिसांच्या हातात दिल्या. त्यानंतर पास्टरांनी मदतनिसांवर हात ठेवून प्रार्थना केली. बायबलच्या गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात मोशे आपल्या जागी येणाऱ्या यहोशवावर हात ठेवतो तो सगळ्या मंडळीदेखत, आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला देतो. सगळा नाही, काही. आम्हा मदतनिसांना ते बरं वाटलं. आम्ही काही पुढचे पास्टर नव्हतो, मधल्या काळापुरते होतो. सगळ्यात शेवटी मुलांनी त्यांच्याभोवती गोळा होऊन प्रार्थना केली, शब्बाथशाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या, लहानग्यांसकट. त्यांतल्या एकाने मध्येच विचारलं, "दादा, उद्या येणार ना?" आणि सगळ्यांना सावरायला जरा वेळ लागला.

वहिनींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण अशा प्रसंगी त्या फोटोत असतात आणि वाक्यात नसतात. वर्षानुवर्षं मुलींचा गट त्यांनी चालवला, त्याचा पगार नव्हता, पद नव्हतं, आणि राजीनामाही त्यांना द्यावा लागला नाही, कारण दिलेलंच काही नव्हतं. पास्टर नव्या कामावर जातात. त्यांची मात्र मंडळीही सुटते, मैत्रिणीही सुटतात आणि नव्या जागी पुन्हा 'पास्टरांची बायको' म्हणून सुरुवात. मुलींनी हट्ट धरला म्हणून त्या उपासनेत वहिनींचे आभार वेगळे मानले गेले, आणि त्यांनाही क्षमा मागायची-करायची संधी मिळाली. त्या दोनच मिनिटं बोलल्या. त्यातलं पहिलं वाक्य होतं, "मला इथून जायचं नव्हतं." मंडळीला हे ऐकायची सवय नव्हती.

ते गेल्यावर पुढच्या शनिवारी मुलं कमी आली. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी कमी. वडिलांपैकी एकांनी 'बघा, म्हटलं नव्हतं' अशी नजर टाकली. आम्ही कार्यक्रम आकर्षक करायच्या भानगडीत पडलो नाही. आलेल्यांबरोबर बसायचं, न आलेल्यांना एक निरोप पाठवायचा, आणि 'दादा असते तर' हे वाक्य कुणी बोललं तर बोलू द्यायचं. आळीपाळीने सभा चालवायची मावशींची सूचना उचलली. पहिल्या काही सभा भयंकर झाल्या. एकीने पंचेचाळीस मिनिटं नुसते नियम समजावून सांगितले. पण सभा त्यांच्या होत्या. तो चौदा वर्षांचा मुलगा एका शनिवारी उगवला आणि साउंडच्या वायरी गुंडाळू लागला. आम्ही कुणी काही विचारलं नाही. वहीत त्याचं पान आहे, त्यावर नावापुढे एवढंच लिहिलंय, 'सध्या रागात आहे. राहू द्या.'

आता नव्या युवा पास्टरांसाठी निवड समिती बसली आहे. मुलांनी पत्र लिहून त्यात दोन जागा मागितल्या आहेत. कमिटी एक जागा द्यायला तयार आहे, तीही मत न देता फक्त ऐकायला. वय लहान आहे, अर्जदारांची खाजगी माहिती असते, अशी कारणं आहेत, आणि ती अगदीच गैर नाहीत. अर्जांतली खाजगी माहिती वेगळी काढून ठेवता येते, असं मी सांगून पाहिलं. काकांनी माझ्या बाजूने हात वर केला, मावशींनीही केला, बाकीचे टेबलाकडे बघत होते. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. मुलांचं पत्र मी कार्यपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घालून घेतलं आहे.